कादंबरी पास, गणित नापास

सप्टेंबर १९७१. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं होतं. त्या वर्षीचं ह्यूगो पारितोषिक लॅरी निव्हन या तेहतीस वर्षांच्या लेखकाच्या ‘रिंगवर्ल्ड’ कादंबरीला मिळालं. ह्यूगो परीक्षक मंडळ देत नाही. संमेलनाचे सभासद, म्हणजे पदरचे पैसे भरून सभासद झालेले वाचक, मतं टाकून ते ठरवतात. थोडक्यात, वाचकांनी निव्हनला डोक्यावर घेतलं होतं. आणि त्याच संमेलनात, हॉटेलच्या व्हरांड्यांतून, चार्ल्स नदीपलीकडच्या एमआयटीतून आलेली पोरं एका सुरात घोषणा देत फिरत होती: रिंगवर्ल्ड डळमळीत आहे! रिंगवर्ल्ड डळमळीत आहे!

त्यांच्या हातात काळे झेंडे नव्हते. पुस्तक त्यांनी वाचलं होतं, त्यांना ते मनापासून आवडलं होतं, आणि आवडलं म्हणूनच त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन त्यातलं जग तपासलं होतं. तपासात निघालेला निष्कर्ष असा, की लेखकानं रचलेलं हे अवाढव्य जग काही वर्षांत स्वतःच्याच सूर्यावर जाऊन आदळणार. लेखकाच्या लक्षात न आलेली गोष्ट वाचकांनी कशी शोधली, आणि लेखकानं पुढे काय केलं, त्याची ही गोष्ट.

निव्हनचा जन्म १९३८चा, लॉस एंजेलिसचा. शिकायला तो कॅलटेकमध्ये गेला. तिथे त्याला विज्ञानकथांच्या जुन्या मासिकांनी खच्चून भरलेलं एक दुकान सापडलं आणि अभ्यासाचे तीनतेरा वाजले. कॅलटेक सुटलं. पुढे कॅन्सस राज्यातल्या वॉशबर्न विद्यापीठातून १९६२ मध्ये त्यानं गणिताची पदवी घेतली आणि लिहायला बसला. पहिली कथा डिसेंबर १९६४ मध्ये छापून आली. तिची सगळी गंमत बुधाची एक बाजू कायम अंधारात असते या समजुतीवर उभी होती. १९६५ मध्ये रडारनं दाखवून दिलं की बुध साधारण एकोणसाठ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, तेव्हा कायमची अंधारी बाजू वगैरे काही नाही. विज्ञानाच्या भरवशावर कथा लिहिणाऱ्याला विज्ञान कधी तोंडघशी पाडेल याचा नेम नसतो, हा धडा त्याला सलामीलाच मिळाला.

‘रिंगवर्ल्ड’ची कल्पना एका शास्त्रज्ञाच्या लेखातून फुटली. फ्रीमन डायसन यांनी १९६० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात असं मांडलं होतं, की एखादी अतिप्रगत संस्कृती आपल्या सूर्याची ऊर्जा वाया जाऊ देणार नाही. सूर्याभोवती ती वस्त्यांचं कवच उभारील. निव्हननं विचार केला, अख्खं कवच कशाला? कवचाच्या आत पाय जमिनीला टेकवायला गुरुत्वाकर्षण कुठून आणायचं? त्यापेक्षा कवचाचा मधला पट्टा ठेवावा आणि तो गरागरा फिरवावा. फिरण्यामुळे पट्ट्याच्या आतल्या बाजूवरची प्रत्येक वस्तू बाहेर, म्हणजे जमिनीकडे, दाबली जाईल आणि माणसाला आपण पृथ्वीवरच उभे आहोत असं वाटेल.

या पट्ट्याची, म्हणजे वलयाची, मापं ऐकण्यासारखी आहेत. त्रिज्या सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब, तितकीच. परीघ ९६ कोटी किलोमीटरच्या घरात. रुंदी १६ लाख किलोमीटर. हवा सांडू नये म्हणून दोन्ही काठांना १,६०० किलोमीटर उंचीच्या भिंती. पायाची जाडी मात्र जेमतेम तीसेक मीटर. वस्तुमान गुरू ग्रहाएवढं. राहण्याजोगी जमीन तीस लाख पृथ्वींइतकी. जमिनीला ओढ यावी म्हणून हे सगळं धूड सेकंदाला बाराशे किलोमीटरहून अधिक वेगानं फिरतंय. एक फेरी साधारण नऊ दिवसांत पूर्ण होते. रात्र व्हावी म्हणून सूर्याच्या जवळ वीस चौकोनी पडदे वेगळे फिरत ठेवलेत.

प्रमाण डोळ्यांसमोर यावं म्हणून वलयाची त्रिज्या १५ मीटर धरू. मग पट्टा १६ सेंटिमीटर रुंद होतो, मधला सूर्य १४ सेंटिमीटर व्यासाचा, आणि काठाची भिंत मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी. पायाची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाइतकी उरते, साध्या डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी.

या जगात दोनशे वर्षांचा लुई वू, त्याच्यासोबत टीला ब्राऊन नावाची विलक्षण नशीबवान मुलगी, दोन डोक्यांचा एक भित्रा परग्रहवासी आणि वाघासारखा दिसणारा एक लढवय्या जाऊन पोचतात. तिथे क्षितिज खाली झुकत नाही. जमीन दूरवर पसरत जाते, धुक्यात विरते आणि मग आभाळात कमान होऊन उभी राहते. वलय बांधणारे कधीच नाहीसे झालेत. मागे उरलेल्या लोकांना ती खरोखरीची कमान वाटते. ती कमान म्हणजे आपण उभे आहोत त्याच जमिनीचा पलीकडचा भाग, हे त्यांच्या गावीही नाही. कादंबरी १९७० मध्ये आली आणि वाचकांनी ती अक्षरशः उचलून धरली. लेखकांच्या संघटनेचं नेब्युला पारितोषिकही तिला मिळालं.

पहिली चूक पहिल्याच प्रकरणात सापडली. लुई वूला आपला वाढदिवस लवकर संपू द्यायचा नसतो. क्षणात एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवणारी यंत्रं हाताशी असल्यामुळे मध्यरात्र जवळ आली की तो पुढच्या शहरात उडी मारतो. पण निव्हननं त्याला पूर्वेकडे पाठवलं. पूर्वेला तारीख आधीच उलटलेली असते! वाढदिवस लांबवायचा तर पश्चिमेकडे पळायला हवं. वाचकांनी चूक दाखवली, पुढच्या छपाईत ती दुरुस्त झाली, आणि पृथ्वी उलटी फिरवणारी ती पहिली छपाई संग्राहकांच्या लेखी मोलाची ठरली.

दिशेची चूक दोन ओळी बदलून निस्तरता आली. दुसरी चूक मात्र कादंबरीच्या मुळाशीच होती.

सूर्य बरोब्बर मधोमध आहे तोवर वलयाच्या सगळ्या बाजू सारख्याच ओढल्या जातात आणि वलय जागेवर राहतं. आता ते एका बाजूला किंचित सरकलं असं समजा. सूर्यापासून एकमेकांच्या विरुद्ध दिशांना समान कोनाच्या दोन फाका काढा. जवळच्या बाजूला त्या फाकेत वलयाचा छोटा तुकडा येईल, लांबच्या बाजूला मोठा. तुकड्याची लांबी अंतराच्या प्रमाणात वाढते. पण सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे अंतर दुप्पट झालं तर तुकडा दुप्पट, ओढ मात्र चौथाई. एकूण हिशेब निम्म्यावर. जवळची बाजू जिंकते. वलय जिकडे सरकलं, तिकडेच आणखी ओढलं जातं. सरकलं म्हणून ओढ वाढते आणि ओढ वाढली म्हणून ते आणखी सरकतं. उलट्या वाटीवर ठेवलेल्या गोटीची जी गत, तीच याची: अगदी टोकावर आहे तोवर शांत, जरा ढळली की परत येणं नाही.

बंदिस्त कवचात असं होत नाही. तिथे फाकेत येणारा तुकडा अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब चुकता होतो. कवच ना परत येत, ना ओढलं जात. वलय वर किंवा खाली ढकललं तर सूर्य त्याला पुन्हा पातळीत ओढून आणतो. धोका फक्त स्वतःच्या पातळीत सरकण्याचा आहे, आणि तो पुरेसा आहे. बरं, इतक्या वेगानं फिरतंय म्हणून ते स्थिर राहील, अशी आशाही फोल. ग्रह सूर्यावर पडत नाही, कारण अख्खा ग्रह सूर्याभोवती धावत असतो. वलयाचा मध्य जागच्या जागी आहे. त्याच्या फिरण्यानं जमिनीला ओढ येते, मध्य काही सावरला जात नाही.

यात किती वेळ जातो? न्यूटनचे नियम लावून गणित केलं तर मधोमधपासूनचं विचलन साधारण दर सत्तावन्न दिवसांनी दुप्पट होतं. समजा वलय एक किलोमीटर ढळलं. पंधरा कोटींपुढे एक किलोमीटर म्हणजे काहीच नाही. वर्षअखेर ते ऐंशीएक किलोमीटर ढळलेलं असेल. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सात हजार. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सहा लाख. चौथ्याच्या शेवटी पाच कोटी. पाचवं वर्ष उजाडतं, पण मावळत नाही. तीस लाख पृथ्वींची जमीन, समुद्र, शहरं, सगळं सूर्यावर.

आणि असा धक्का बसायला कारणं कादंबरीतच हजर होती. वलयाला खालून एक प्रचंड दगड येऊन धडकल्यामुळे जमीन फुगून तयार झालेला ‘फिस्ट ऑफ गॉड’ नावाचा अजस्र पर्वत निव्हननं स्वतःच रंगवला होता. एवढा तडाखा खाऊनही वलय मधोमधच फिरत राहिलंय, यावर कुणाचा विश्वास बसणार?

हे गणित करणाऱ्यांमध्ये दोन नावं ठळक आहेत. एक डॅन आल्डरसन. हा नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत यानांच्या मार्गांची गणितं करणाऱ्या संगणक-प्रणाली लिहायचा. निव्हन ज्या लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा-मंडळात जायचा, त्याच मंडळाचा तोही सभासद. दुसरा क्टाइन, कॅलटेकमधून पदार्थविज्ञान आणि इंग्रजी शिकलेला छायाचित्रकार. दोघांनी स्वतंत्रपणे गणित केलं आणि दोघांचं उत्तर एकच आलं: वलय टिकत नाही. ते सावरायला काठावर इंजिनं बसवायलाच हवीत.

गंमत अशी, की हे उत्तर तेव्हा शंभरहून अधिक वर्षं जुनं होतं. शनीची कडी कशाची बनलीत, हा प्रश्न केंब्रिज विद्यापीठानं १८५५ मध्ये ॲडम्स पारितोषिकाच्या स्पर्धेला ठेवला होता. निबंध एकच आला, जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा. तेव्हा तो पंचविशीत होता आणि स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला शिकवत होता. कडं एकसंध आणि सगळीकडे सारखं असेल तर ते टिकूच शकत नाही, हे त्यानं गणितानं सिद्ध केलं. ते टिकवायचं तर कड्याच्या एकूण वजनाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग एकाच जागी ठेवावा लागेल, आणि तसं कडं तर दुर्बिणीतून दिसत नाही. मग शनीची कडी म्हणजे सुट्या, आपापल्या कक्षेत फिरणाऱ्या असंख्य तुकड्यांचा समूहच असला पाहिजे. १८५७ मध्ये पारितोषिक त्याला मिळालं. १८९५ मध्ये जेम्स कीलर यांनी वर्णपटाच्या आधारे त्यावर शिक्कामोर्तब केलं: कड्याचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा वेगानं फिरतो. एकसंध तबकडीत हे शक्यच नाही.

हेच ॲडम्स पारितोषिक १९६७ मध्ये जयंत नारळीकरांना मिळालं. मराठी वाचकाला त्यांची दुसरी ओळख सांगायला नको. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस पटकावलं. आपल्या नावाकडे बघून निकाल लागू नये, कथेकडे बघून लागावा, हा त्यामागचा हेतू. निव्हनच्या वाचकांनी नेमकं हेच केलं. लेखकाचं नाव आणि त्याची पारितोषिकं बाजूला ठेवली, आणि कथेकडे पाहिलं.

वलय डळमळीत आहे हे कळल्यावर तपासणीचं वेडच लागलं. फ्लोरिडातल्या एका शाळेच्या वर्गानं मातीचा प्रश्न काढला. पृथ्वीवर पाऊस माती धुऊन समुद्रात नेतो, पण भूकवचाच्या हालचाली पुन्हा डोंगर वर काढतात. वलयाखाली तर तीस मीटरचा निर्जीव पाया. तिथे एकदा समुद्राच्या तळाशी गेलेली माती वर कोण आणणार? काही हजार वर्षांत सगळी सुपीक जमीन समुद्रात जाईल आणि उघडा पाया उरेल, असा त्या मुलांचा निष्कर्ष होता. आणखी काहींनी वलयावरचा ताण मोजला. फिरणाऱ्या कड्यातला ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. वलय पोलादाचं आहे असं धरलं, तर उत्तम पोलाद जेवढं सोसतं त्याच्या लाखो पट ताण येतो. निव्हननं पायाच्या पदार्थाला ‘स्क्रिथ’ असं नाव देऊन वेळ मारून नेली होती. वाचकांनी दाखवून दिलं, की त्या पदार्थाची ताकद अणूचं केंद्र एकत्र धरून ठेवणाऱ्या बलाच्या तोडीची हवी.

आता चेंडू लेखकाच्या अंगणात होता. निव्हनपुढे मार्ग अनेक होते. “कादंबरी आहे, गंमत म्हणून वाचा” असं म्हणून हात झटकता आले असते. ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही खिशात असताना कुणी बोट दाखवलं नसतं. ‘रिंगवर्ल्ड’ला पुढचा भाग लिहायचा त्याचा विचारही नव्हता. पण पत्रं येत राहिली, संमेलनांमध्ये माणसं गाठत राहिली, गणितांचे कागद हातात पडत राहिले. शेवटी दहा वर्षांच्या आत त्यानं ‘द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स’ लिहिली. वाचकांचं ऋण त्यानं तिच्या सुरुवातीलाच जाहीरपणे मान्य केलं. बोस्टनच्या घोषणा, शाळेच्या वर्गाचं गणित, आल्डरसन, क्टाइन, सगळ्यांची नोंद तिथे आहे.

नुसती नोंद करून तो थांबला नाही. चुकीलाच त्यानं कथानक केलं. दुसऱ्या कादंबरीच्या आरंभी वलय खरोखरच मधोमधातून ढळलंय आणि सूर्याकडे सरकतंय. मग कळतं की बांधणाऱ्यांनी काठाच्या भिंतींवर सूर्याकडून वाहत येणारा हायड्रोजन गिळून चालणारी इंजिनं बसवली होती आणि त्यांच्या जोरावर वलय जागेवर राखलं होतं. मागून आलेल्या लोकांना ती कशासाठी आहेत हे कळलं नाही. त्यांनी बरीचशी उपटून आपल्या यानांना बसवली. आधीच्यांनी बांधून ठेवलेलं मोडून खाणाऱ्यांची ही कहाणी आपल्याला काही परकी नाही. आता उरलेल्या मोजक्या इंजिनांना जादा इंधन द्यायचं तर सूर्यातून ज्वाला उसळवायची, आणि त्या ज्वालेच्या प्रारणात वलयाच्या एका भागातल्या अगणित जीवांचा बळी जाणार. बाकीचे वाचवण्यासाठी हे करायचं का? गणितातल्या एका त्रुटीतून नैतिक पेचाची कादंबरी उभी राहिली. शाळकरी मुलांच्या मातीलाही उत्तर मिळालं: समुद्राच्या तळाचा गाळ शोषून नळांवाटे वलयाखालून नेऊन काठाच्या भिंतीवरून पुन्हा आत सोडणारी यंत्रणा निव्हननं बसवली. भिंतीलगतचे डोंगर म्हणजे त्याच गाळाचे ढीग.

आल्डरसनचं नाव निव्हननं इतरत्रही अजरामर केलं. जेरी पुर्नेल यांच्यासोबत लिहिलेल्या ‘द मोट इन गॉड्स आय’मध्ये ताऱ्यांदरम्यान उडी मारणाऱ्या यंत्रणेला आल्डरसनचं नाव आहे. त्याच दोघांच्या ‘लुसिफर्स हॅमर’मधला मधुमेही शास्त्रज्ञ डॅन फॉरेस्टर तर सरळसरळ त्याच्यावरूनच बेतलेला. आल्डरसनलाही मधुमेह होता. १९८९ मध्ये तो गेला. क्टाइननं पुढे जॉन सँडफर्ड यांच्याबरोबर स्वतःच एक विज्ञान-कादंबरी लिहिली. २०१५ मध्ये आलेल्या त्या कादंबरीचं नाव ‘सॅटर्न रन’, आणि तिची झेप शनीकडे आहे. वलयाचं गणित करणारा वाचक शेवटी शनीपाशी लेखक होऊन पोचला.

आपल्याकडे रसग्रहण म्हटलं की शैली, व्यक्तिरेखा, आशय यांवर चार गोड वाक्यं लिहिली जातात. चूक काढणारा वाचक खडूस ठरतो. निव्हनच्या वाचकांनी वेगळंच केलं. लेखकाचं जग त्यांनी खरं मानलं, इतकं खरं की त्याचा भार किती, ताण किती, माती किती टिकेल, याची त्यांना चिंता लागली. न आवडलेल्या पुस्तकासाठी कुणी रात्र जागून समीकरणं सोडवत नाही. माझ्या मते विज्ञानकथेला मिळू शकणारी याहून मोठी दाद नाही, आणि ती पचवून पुढचं पुस्तक लिहिणारा लेखकही विरळाच.

या प्रकरणाची ताजी नोंद २०२५ची आहे. स्कॉटलंडमधल्याच ग्लासगो विद्यापीठाचे कॉलिन मॅकिनेस यांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सुरुवात मॅक्सवेलच्या निबंधापासून, आणि त्यात रिंगवर्ल्डचाही उल्लेख. एकट्या ताऱ्याभोवतीचं वलय टिकत नाही हे खरंच. पण एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे असतील आणि वलय त्यांतल्या लहान ताऱ्याभोवती असेल, तर ठराविक परिस्थितीत ते इंजिनांशिवायही स्थिर राहू शकतं, असं त्यांच्या गणितातून निघालं. दूरच्या प्रगत संस्कृतींच्या खुणा शोधणाऱ्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो, असंही त्यांनी म्हटलंय.

तेव्हा पुढची विज्ञानकथा वाचताना पेन्सिल जवळ ठेवा. एखादा आकडा खटकला तर गणित करून पाहा, आणि उत्तर जमलं नाही तर लेखकाला बिनधास्त कळवा. लेखक चांगला असेल तर तो रागावणार नाही, कामाला लागेल.